सिमसाठी टर्बोप्रॉप ॲड-ऑन विकत घ्यायचं की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइट सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, उडवणाऱ्या मंडळींकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मतं माझी आहेत, पटली तर घ्या. ॲड-ऑन म्हणजे सिममध्ये वेगळं आणून घालायचं विमान. बोलणं मुख्यतः मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे पुढे नुसतं एमएसएफएस, आणि थोडंफार एक्स-प्लेनबद्दल आहे.

जेट सोडून टर्बोप्रॉप कशाला?

टर्बोप्रॉप म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रॉपेलर फिरवणारं विमान, आणि यात पायलटला सतत काहीतरी काम असतं. एअरबसमध्ये वर गेलो, ऑटोपायलट लावला की पुढचा तासभर आपण चहा पीत स्क्रीनकडे बघत बसतो, आणि सेस्ना १७२ घेऊन मुंबईहून नागपूरला निघालात तर अख्खी दुपार गेली. टर्बोप्रॉप बरोबर मधे बसतं. टीबीएम ८५० सारखं विमान ३१,००० फुटांपर्यंत चढतं, ३२० नॉटच्या आसपास पळतं आणि तरी जिथे जेट उतरवायचा विचारही करणार नाही अशा आखूड धावपट्टीवर आरामात थांबतं. ऑफिसातून आल्यावर जेवणाआधी एक पूर्ण फ्लाइट, बॅटरी ऑन करण्यापासून पार्किंग ब्रेक लावण्यापर्यंत, होऊन जाते. ज्यांना वेळ कमी आणि हौस जास्त आहे त्यांच्यासाठी हा प्रकार भारी आहे.

पण सिमबरोबर टर्बोप्रॉप फुकट येतातच की, मग पैसे का टाकायचे?

हा खरा प्रश्न आहे आणि बरेच जण तो स्वतःला न विचारताच कार्ड काढतात. एमएसएफएस २०२० च्या अगदी साध्या आवृत्तीत पण टीबीएम ९३०, किंग एअर ३५०आय आणि सेस्ना कॅरव्हान अशी तीन टर्बोप्रॉप येतात, एमएसएफएस २०२४ या पुढच्या आवृत्तीत पीसी-१२ पण आलंय. एक्स-प्लेन १२ मध्ये किंग एअर सी९० आहे आणि लँकेअर इव्होल्यूशन आहे. टीबीएम ९३० मधलं जी३००० हे स्क्रीनचं पॅनेल तर वर्किंग टायटल या गटाच्या मंडळींनी इतकं सुधारलं की आता त्यावर व्यवस्थित फ्लाइट प्लॅन टाकून, अप्रोच लोड करून, व्हीएनएव्हीवर, म्हणजे आखलेल्या उतारावर आपोआप, खाली येता येतं, आणि ते सगळं फुकट.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही यातलं एक तरी विमान नीट उडवलंय का ते आधी बघा. नीट म्हणजे काय, तर कंट्रोल-ई दाबून इंजिन चालू न करता हाताने चालू केलंय का, टॉर्कची, म्हणजे इंजिन प्रॉपेलरला किती जोर देतंय त्या काट्याची, लाल रेघ कुठे आहे ते न बघता सांगता येतं का, उतरताना कुठल्या अंतरावर पॉवर किती करायची याचा अंदाज बसलाय का. नसेल तर पैसे टाकून फरक जाणवणारच नाही, नवीन विमान पण तुम्ही तसंच उडवणार, फक्त सीटचं लेदर जास्त छान दिसेल.

आणि हे सगळं करून झाल्यावर जर तुम्हाला वाटायला लागलं की अरे, हे इंजिन काही केलं तरी बिघडत कसं नाही, तर समजा की वेळ आली.

पैसे टाकल्यावर नेमकं जास्तीचं काय मिळतं?

इंजिन. बाकी सगळं नंतर.

जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळी मेख आहे. टीबीएम, पीसी-१२, कॅरव्हान, किंग एअर, ट्विन ऑटर, या सगळ्यांत प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६ इंजिन असतं, वेगवेगळ्या ताकदीचं पण घराणं एकच. त्यात दोन भाग एकमेकांना दांड्याने जोडलेले नसतात. एक भाग हवा दाबतो आणि इंधन जाळतो, त्याचा वेग एनजी या काट्यावर दिसतो, आणि त्यातून निघालेल्या गरम वायूच्या झोतावर दुसरं टर्बाइन फिरतं जे प्रॉपेलर फिरवतं. म्हणून स्टार्टर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढत जातो आणि प्रॉपेलर मात्र जरा वेळाने, आळस देत हलायला लागतो.

आता चांगल्या ॲड-ऑनमध्ये टीबीएम ८५० सुरू करताना काय होतं बघा. बॅटरी ऑन, व्होल्टेज बघायचं, इंधनाचा बूस्ट पंप ऑन, इग्निशन ऑटोवर, स्टार्टर. एनजीचा काटा हळूहळू सरकतो, ८, १०, १२… १३ टक्क्यांच्या आसपास गेला की इंधन सोडणारी कंडिशन लिव्हर कट-ऑफमधून लो आयडलला आणायची. त्याक्षणी इंधन पेटतं आणि आयटीटीचा काटा, म्हणजे टर्बाइनमधलं तापमान, झपकन वर जातो. इथे श्वास रोखून बघायचं असतं. एनजी पुढे चढत राहिला तर हवेचा झोत वाढतो आणि तापमान वर जाऊन परत खाली येतं, मग एनजी ५० च्या वर गेला की स्टार्टर बंद. पण बॅटरी अशक्त असेल किंवा तुम्ही घाईघाईत ८ टक्क्यांनाच इंधन सोडलं असेल तर हवा कमी आणि इंधन जास्त, काटा लाल रेघ ओलांडून जातो आणि दोन-चार सेकंदात लिव्हर मागे ओढली नाहीत तर टर्बाइनची पाती गेली. याला हॉट स्टार्ट म्हणतात. खऱ्या विमानात याचं बिल ऐकून माणूस खाली बसतो. सिमबरोबर आलेल्या विमानांत लिव्हर कधीही पुढे केली तरी इंजिन मुकाट्याने चालू होतं.

एक्स-प्लेनसाठीचं हॉटस्टार्टचं टीबीएम ९०० याच गोष्टीसाठी गाजलं, कंपनीने नावच तसं ठेवलंय. त्यात तुम्ही आज इंजिनला त्रास दिलात तर तो उद्या पण लक्षात ठेवलेला असतो. एमएसएफएसमध्ये ब्लॅक स्क्वेअरचं टीबीएम ८५० त्याच वाटेवरचं आहे, त्यात सर्किट ब्रेकर खरोखर खेचता येतात आणि खेचला की त्याच्यावरची उपकरणं बंद पडतात.

इंजिनशिवाय दुसरा मोठा फरक लँडिंगला कळतो. टर्बोप्रॉपमध्ये पॉवर पूर्ण मागे घेतली की प्रॉपेलरची पाती सपाट होतात आणि विमान हवेतच ब्रेक लागल्यासारखं बसायला लागतं. धावपट्टीच्या उंबरठ्यावर थोडी जास्त पॉवर काढलीत तर खाली आपटणार. टेकल्यावर लिव्हर गेटच्या, म्हणजे अडसराच्या, पलीकडे उचलून बीटामध्ये, म्हणजे पाती लिव्हरने थेट फिरतात त्या टप्प्यात, तिथून रिव्हर्समध्ये, म्हणजे उलट जोर. टॅक्सी पण ब्रेक न घासता बीटामध्येच करतात. डीफॉल्ट, म्हणजे सिमबरोबर आलेल्या, विमानांमध्ये हा भाग कच्चा वाटतो, आयडलला पण विमान पुढे ओढत राहतं आणि आपण सारखे ब्रेक दाबत बसतो.

तिसरं म्हणजे गो-अराउंड, उतरता उतरता परत वर जाणं. टीबीएममध्ये कमी वेगात ताकद एकदम दिलीत की नाक आणि पंख डावीकडे जायला बघतात, उजव्या पायाने रडर दाबावाच लागतो. चांगल्या ॲड-ऑनमध्ये हे पहिल्याच वेळी चांगलं लक्षात राहतं.

जाहिरातीत ‘स्टडी लेव्हल’ लिहिलंय, म्हणजे चांगलंच ना?

याचा अर्थ खऱ्या विमानाइतकं तपशीलवार, पण हा शब्द कोणीही लिहू शकतो, त्याचा कुठे दाखला मिळत नाही. मॅन्युअल डाउनलोड करायला मिळालं तर त्यात बिघाडांची यादी आहे का, इलेक्ट्रिकल सिस्टिमचा नकाशा आहे का ते बघा. शंभर पानं फोटोंची आणि दोन पानं सिस्टिमची असं असेल तर समजून जा.

टीबीएम, किंग एअर, कॅरव्हान, पीसी-१२, एटीआर… कुठलं घेऊ?

याचं उत्तर तुम्ही सिममध्ये संध्याकाळी काय करता त्यावर आहे.

एकटेच उडता, लांबलांब जाता, वर ढगांच्या वरून जायला आवडतं, तर टीबीएम. त्यातही ८५० आणि ९०० मध्ये फरक आहे. ८५० मध्ये पॉवर, प्रॉप आणि कंडिशन अशा वेगळ्या लिव्हर असतात, २०१४ मध्ये आलेल्या ९०० पासून सगळं एकाच लिव्हरमध्ये घातलं. ८५० मध्ये अजून एक गंमत, टेकऑफला ७०० घोडेच वापरायचे, टॉर्क १०० टक्के, आणि फ्लॅप वर घेतले की मग पुढची ताकद, टॉर्क १२१ टक्क्यांपर्यंत. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं पण दोन-चार फ्लाइटनंतर हात आपोआप जातो.

ज्यांना हातानेच सगळं करायचंय, काट्यांची घड्याळं आवडतात, त्यांनी जुन्या पॅनेलचं विमान घ्यावं, जुनी किंग एअर किंवा ८५०. पीसी-१२ मधलं नवीन एनजीएक्स मॉडेल मात्र उलटं आहे, त्यात इंजिन आणि प्रॉपेलर दोन्ही कॉम्प्युटर सांभाळतो, स्टार्ट पण तोच करतो. उडवायला मस्त, पण हॉट स्टार्टची धाकधूक हवी असेल तर ते चुकीचं विमान आहे. त्यासाठी पीसी-१२ चं जुनं ४७ मॉडेल बघा, सिमवर्क्स स्टुडिओजने तेच केलंय.

कॅरव्हान आणि ट्विन ऑटर म्हणजे डोंगर, माती, पाणी. नेपाळमधलं लुक्ला, ज्याची धावपट्टी ५२७ मीटर आणि चढ जवळपास १२ टक्के, तिथे जायचं असेल तर ट्विन ऑटर. कॅरव्हानसाठी मात्र मी घाईने पैसे टाकणार नाही कारण डीफॉल्ट कॅरव्हान त्या कामाला पुरेशी आहे, आणि कॅरव्हान मुळातच साधं विमान आहे.

एटीआर ही वेगळीच जात. ती एअरलाइन आहे, दोन पायलटचं काम, चेकलिस्ट, प्रवासी, वेळापत्रक. त्यात ऑटोथ्रॉटल, म्हणजे पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही, पण पॉवर मॅनेजमेंटचा एक गोल नॉब असतो, टेकऑफ, क्लाइंब, क्रूझ असा फिरवायचा, आणि लिव्हर एका खाचेत ठेवून द्यायच्या. एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं छोटं इंजिन, पण नाही, म्हणून उजव्या इंजिनचा प्रॉपेलर ब्रेकने धरून ठेवतात आणि इंजिन नुसतं चालू ठेवून वीज आणि एसीची हवा घेतात, याला हॉटेल मोड म्हणतात. स्टँडवर उभ्या एटीआरचा एक पंखा थांबलेला आणि तरी घूंss असा आवाज येतोय असं कोल्हापूर-नाशिकला ऐकलं असेल तर तेच ते. एमएसएफएससाठी एटीआर ४२-६०० आणि ७२-६०० एकत्र मिळतात, मायक्रोसॉफ्टच्याच एक्स्पर्ट मालिकेत, २०२३ पासून, आणि बाकी ॲड-ऑनच्या मानाने स्वस्तात.

एक सरळ सांगतो, पीटी६ वालं एक विमान नीट शिकलात की बाकीची पीटी६ वाली अर्धी येतात. म्हणून पहिलं ॲड-ऑन घेताना तीन स्वस्तातली घेण्यापेक्षा एक खोल घ्या.

मला महाराष्ट्र-गोव्यात उडवायचंय, कुठलं बरं पडेल?

मग एटीआर, डोळे झाकून. आपल्याकडची छोटी विमानतळं एटीआरवरच जगतात. २०२१ मध्ये चिपीला सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला तेव्हा अलायन्स एअरची मुंबईहून आलेली एटीआर ७२-६०० होती, आणि २०२४ पासून फ्लाय९१ ही कंपनी गोव्यातल्या मोपाहून एटीआरच उडवते, जळगाव पण त्यांच्या यादीत आहे. मुंबई ते चिपी साधारण १९० नॉटिकल मैल, तासाभराची फ्लाइट, डावीकडे सह्याद्री आणि उजवीकडे समुद्र. मागच्या दाराने माणसं चढतात ते सिममध्ये पण तसंच, पुढच्या दारातून सामान.

पावसाळ्यात लाइव्ह वेदर लावून करा. जुलैत आपल्याकडे शून्य अंशाची पातळी १६ ते १८ हजार फुटांच्या जवळपास असते, आणि एटीआर साधारण त्याच उंचीवर फिरते, म्हणजे बर्फ धरण्याचा प्रश्न समोर. अँटी-आयसिंग, वेग कुठल्या खाली जाऊ द्यायचा नाही, हे सगळं नुसतं पुस्तकात राहत नाही. जेटवाला १० मिनिटांत वर निघून गेलेला असतो, आपण तिथेच भजी तळल्यासारखे ढगात.

एटीआर ४२ घेतली तर हौशींसाठी सिमला आहे, दिल्लीहून, धावपट्टी १२०० मीटरच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना दरी. तिथे अलायन्स एअरने खरोखर ४२-६०० नेलेली आहे.

टीबीएम घेऊन जुहू, बारामती, शिर्डी असं फिरायला पण मजा येते, तो खाजगी विमानाचा थाट आहे.

फक्त एक, डीफॉल्ट सिममधली आपली छोटी विमानतळं बऱ्याचदा कामचलाऊ असतात, टर्मिनलच्या जागी कसलीतरी गोदामासारखी इमारत. त्यासाठी फुकट सीनरी शोधा, लोकांनी प्रेमाने बनवलेली सापडते.

माझा लॅपटॉप झेपवेल का?

डीफॉल्ट टीबीएम जर ग्लास कॉकपिटसकट, म्हणजे स्क्रीनवाल्या पॅनेलसकट, ३० फ्रेमवर चालत असेल तर बहुतेक ॲड-ऑन चालतील, थोडं कमी-जास्त. अडचण मेमरीची येते. ॲड-ऑनमध्ये कॉकपिटचे टेक्स्चर जड असतात आणि ६ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर मुंबईसारख्या दाट शहरावरून जाताना अडखळायला होतं. टेक्स्चर एक पायरी खाली करा, बरंच सुटतं. काट्यांच्या पॅनेलची विमानं स्क्रीनवाल्यांपेक्षा कित्येकदा हलकी जातात, हे पण लक्षात ठेवा.

फक्त एक साधी जॉयस्टिक आहे, चालेल?

उडेल, पण अर्धी मजा जाईल. पॉवर, प्रॉप, कंडिशन या तीन लिव्हर हातात असल्या पाहिजेत. तीन लिव्हरचा साधा थ्रॉटल क्वाड्रंट सेकंड हँड मिळाला तर घ्या, एका इंजिनच्या विमानाला तो पुरतो. दोन इंजिनं असतील तर सहा लिव्हर लागतात, हनीकोंब ब्राव्होमध्ये तेवढ्या आहेत पण किंमत बघून घरच्यांशी आधी बोलून घ्या. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर माझं मत, आधी क्वाड्रंट, मग ॲड-ऑन. क्वाड्रंट पुढच्या प्रत्येक विमानाला उपयोगी पडतो.

एकच लिव्हर असेल तर ती पॉवरला द्या, कंडिशन लिव्हर माऊसने चालवा, आणि रिव्हर्सला एखादं बटण.

एक्सबॉक्सवर?

एक्सबॉक्सवर फक्त सिमच्या आतल्या मार्केटप्लेसमधलंच लागतं, बाहेरून काही टाकता येत नाही. काही कंपन्या एक्सबॉक्सची आवृत्ती काढतच नाहीत. पानावर एक्सबॉक्स असं स्वच्छ लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरा.

२०२० वर आहे, पुढे २०२४ वर गेलो तर पैसे वाया?

पूर्ण वाया नाही जात. २०२० ची बरीच विमानं २०२४ मध्ये चालतात, पण चालणं आणि त्यासाठी बनवलेलं असणं यात फरक आहे. २०२४ मध्ये बाहेर फिरून विमान तपासायचं जे आहे, ते जुन्या विमानांत मिळेलच असं नाही, आणि करिअर मोडमध्ये सगळी ॲड-ऑन घेता येत नाहीत. काही कंपन्या नवीन आवृत्ती जुन्या गिऱ्हाइकांना फुकट देतात, काही सवलतीत, काही पूर्ण पैसे मागतात. घेण्याआधी एवढं एकच विचारून घ्या. दोन महिन्यांत सिम बदलायचा विचार असेल तर तोवर थांबा, एवढी घाई कसली आहे.

मार्केटप्लेस की बाहेरच्या दुकानातून?

मार्केटप्लेसमध्ये सोय आहे, किंमत रुपयांत दिसते, इन्स्टॉल आपोआप. पण अपडेट उशिरा येतात कारण ते तपासणीच्या रांगेतून जातात. बाहेरच्या दुकानातून घेतलं तर बग दुरुस्त झाल्याच्या दिवशीच अपडेट मिळतं, फाइल उघडून हवे ते लिव्हरी, म्हणजे विमानाचे रंग, आणि मॉड, म्हणजे लोकांनी केलेले बदल, टाकता येतात. पीसी असेल आणि खोल विमान घेत असाल तर बाहेरून. खोल विमानांना अपडेट खूप लागतात.

सगळं धरून किती पैसे जातील?

बहुतेक चांगली टर्बोप्रॉप २० ते ५० डॉलरच्या मधे असतात. पण तो आकडा रुपयांत बदलून थांबू नका. क्रेडिट कार्डावर परदेशी चलनाचा मार्कअप लागतो, बहुतेक बँकांचा २ ते ३.५ टक्के, वर त्या मार्कअपवर जीएसटी. परदेशातून घेतलेल्या ऑनलाइन सेवेवर भारतात १८ टक्के जीएसटी आहे, काही दुकानं तो शेवटच्या पानावर लावतात. युरोपातल्या दुकानांत दिसणाऱ्या किमतीत त्यांचा व्हॅट धरलेला असतो, भारताचा पत्ता टाकल्यावर आकडा बदलू शकतो, म्हणून पत्ता टाकेपर्यंत मनात हिशेब करू नका.

पेमेंट अडकलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का बघा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर तो बंदच असतो, आपण चालू करायचा, काम झालं की परत बंद.

शिवाय छुपे खर्च. काही विमानांत जीटीएन ७५० चं पडद्याचं जीपीएस बसवायची जागा असते पण जीपीएस वेगळं आणावं लागतं. पीएमएस५० चं फुकट आवृत्तीत मिळतं आणि सुरुवातीला ते बास होतं, प्रीमियमचे पैसे नंतर बघू.

नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला आणि नाताळात बहुतेक दुकानांत सेल असतो. दिवाळीचा बोनस आला की लगेच उडवू नका, थोडे आठवडे कळ काढा.

अमेरिकेतल्या भावाच्या कार्डवरून घेतलं तर?

चालतं, पण खातं तुमच्या ईमेलचं हवं. लायसन्स खात्याला चिकटतं, कार्डाला नाही. भावाच्या खात्यावर घेतलंत तर प्रत्येक नव्या इन्स्टॉलला तिकडे रात्री दोन वाजता फोन करून ओटीपी मागत बसाल, आणि वहिनी तुमच्या नावाने खडे फोडतील.

आवडलं नाही तर रिफंड?

धरून चालू नका. डाउनलोड झालं की परत घेत नाही असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. म्हणून घ्यायच्या आधीची चौकशी महत्त्वाची, त्याबद्दल खाली आहे.

क्रॅक केलेलं मिळतंय ग्रुपवर…

नको. त्याबरोबर काय येतं ते तुम्हाला माहीत नसतं, अपडेट मिळत नाही, आणि दोन-चार जणांच्या कंपन्या असतात या, त्यांच्या पोटावर पाय कशाला.

घेण्याआधी तपासू कसं?

जाहिरातीचा व्हिडिओ बघू नका, त्यात सूर्यास्त आणि संगीत असतं. कोणीतरी खरा पायलट, शक्यतो त्याच प्रकारचं विमान उडवलेला, न कापता तासाभराचा व्हिडिओ टाकतो तो शोधा. स्टार्ट होताना एनजी आणि आयटीटीच्या काट्यांवर नजर ठेवा, दोन्ही एका चालीने वर जात असतील तर अनिमेशन आहे, आयटीटी उसळून खाली आला तर इंजिन आहे. इनर्शियल सेपरेटर, म्हणजे इंजिनात धूळ-बर्फ जाऊ न देणारी झडप, उघडल्यावर टॉर्क थोडा पडतो का बघा, पडायला हवा, कारण हवा वळसा घालून आत जाते. प्रॉप फेदरला, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत, नेल्यावर खरंच थंडावतो का. लँडिंगनंतर तो माणूस ब्रेक दाबतोय की बीटा वापरतोय.

मग कंपनीच्या पानावरची अपडेटची यादी. शेवटचं अपडेट कधीचं, आणि त्यात काय दुरुस्त केलं. सिमचं मोठं अपडेट आल्यावर विमान मोडतं आणि ज्या कंपनीने लक्ष काढून घेतलंय तिचं विमान तसंच मोडलेलं राहतं. मला तर पहिल्या दिवसाच्या कौतुकापेक्षा सहा महिन्यांनंतरच्या तक्रारी वाचायला जास्त बरं वाटतं, लोक अजून काय मागतायत आणि कंपनी उत्तर देते का ते तिथे कळतं.

याने खऱ्या पायलट ट्रेनिंगला मदत होते का?

तास मोजले जात नाहीत, घरच्या पीसीवरचा एक मिनिट पण डीजीसीए, म्हणजे सरकारचं विमान वाहतूक नियामक खातं, धरत नाही. पण गोंदियाला किंवा बारामतीला ट्रेनिंगला जाणाऱ्या मुलांना इन्स्ट्रुमेंट अप्रोच, होल्ड, रेडिओवरचं बोलणं याचा सराव घरी करायला उपयोग होतो. मात्र त्यासाठी टर्बोप्रॉप कशाला, सुरुवातीला सेस्ना १७२ च हवी. व्हॅटसिमवर, म्हणजे खरी माणसं कंट्रोलर होऊन बोलतात त्या ऑनलाइन नेटवर्कवर, फुकट खातं काढा, मुंबईत कंट्रोलर बसलेला असला की जेटच्या रांगेत आपली एटीआर घेऊन वेग सांभाळायला लागतो, तो खरा घाम.

मग कोणी घेऊ नये?

ज्याच्याकडे आधीच पाच ॲड-ऑन पडून आहेत आणि एकाचं पण इंजिन हाताने चालू करता येत नाही त्याने. जो आठवड्यातून अर्धा तास उडतो आणि तेवढ्यात थेट धावपट्टीवरून निघतो त्याने पण नको, ते काही वाईट नाही, पण डीफॉल्ट टीबीएम त्यासाठी बनवल्यासारखं आहे. आणि ज्याला ऑटोथ्रॉटल नसलेलं विमान म्हणजे कटकट वाटते त्याने सरळ एअरबस घ्यावी, एमएसएफएससाठी फ्लायबायवायरची ए३२० फुकट आहे.

घेतलं! आता मॅन्युअल वाचू का उडवू?

उडवा, पण पहिले काही दिवस कुठे जाऊ नका. पार्किंगमध्ये बसून इंजिन चालू करा, बंद करा, परत चालू करा. गरम इंजिन लगेच परत चालू केलं तर आयटीटी वेगळा वागतो, ते बघा. मुद्दाम एकदा ८ टक्क्यांना इंधन सोडून बघा काय होतं, इथे बिल येत नाही. मग एकाच धावपट्टीभोवती सर्किट, टेकऑफ, फेरी, लँडिंग, प्रत्येक वेळी डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, टॉर्क किती ठेवला आणि वेग किती झाला ते कागदावर लिहा, ॲपमध्ये नाही, कागद कॉकपिट दिसत असताना बाजूला राहतो. ते आकडे हातात आले की मॅन्युअलचा लँडिंगचा भाग उघडा, आता त्यातला शब्द न शब्द कळेल. इलेक्ट्रिकलचा भाग पहिल्यांदा जनरेटर गेल्यावर वाचाल, सगळे तेव्हाच वाचतात. आणि सेटिंगमध्ये बिघाड चालू करायचं बटण असेल तर ते पहिल्या महिन्यात बंद ठेवा, नाहीतर खरा बिघाड कुठला आणि आपला हात कुठला ते समजणार नाही.